म्हसोबापासून निघालेली सरळ सरी

ट्रॅक्टर स्टीअरिंगला हात न लावता आपला आपण सरळ चालतो, हे मी शपथेवर सांगू शकतो. अडचण एवढीच, की तो खरोखरच सरळ चालतो.

शेजारचे नाना थकले होते आणि यंदा आपलं वावर बटाईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, कसायला द्यायचं म्हणत होते. आमच्याकडे असले ठराव आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला होतात. ते काळंभोर, विहिरीचं वावर मला हवंच होतं! म्हणून आखाजीच्या सकाळी अमळनेरहून उपग्रहावर चालणारा ट्रॅक्टर भाड्यानं आणला आणि माझ्या कपाशीच्या सऱ्या बघायला नानांना मुद्दाम आमच्या दोघांमधल्या बांधावर उभं केलं.

यंत्राला रेघ दाखवणं सोपं असतं. बांधाच्या एका टोकाला बटण दाबायचं, मग दुसऱ्या टोकाला. त्या रेघेला समांतर ते सऱ्या पाडत जातं. पण आई आडवी आली.

"पहिलं बटन म्हसोबासमोर दाब! देवले सोडीसन कोठे चालना?"

म्हसोबा शेताच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात. (बटण ते बटण, कुठं का दाबेना, असं मला वाटलं. मी विज्ञानाचा पदवीधर आहे!) तिथं नारळ फोडून पहिलं बटण दाबलं, दुसरं नानांच्या बांधाच्या टोकाला. रेघ पडली ती शेतातून तिरपी, थेट नानांच्या वावराकडे. हे मला नाही, पण उपग्रहाला कळलं होतं.

बांधाकडेनं ट्रॅक्टर सुरू केला. ड्रायव्हर सुकदेवला बजावलं, "स्टीअरिंगले हात लावू नको!" आणि पाठ फिरवून नानांपुढं भाषण सुरू केलं.

"नाना, इंचभर बी हालाव नही!"

"भाऊ, बांध जवळ उना! हात लावू का?" मागून सुकदेव.

"लावू नको! त्याले बठ्ठं समजस!"

नाना माझ्या खांद्यावरून बघत होते. "मन्ही ज्वारी बी समजस का त्याले?"

मी वळलो. ट्रॅक्टर बांध ओलांडून नानांच्या हिरव्यागार उन्हाळी ज्वारीतून डौलात चालला होता आणि सुकदेव हाताची घडी घालून बसला होता! विहिरीचा कठडा दिसल्यावर त्यानं माझी आज्ञा मोडली, म्हणून निभावलं.

संध्याकाळी नानांनी वावर गावातल्या प्रकाशला दिलं. प्रकाश बैलांवर सऱ्या पाडतो.

"नाना, त्यान्या सऱ्या वाकड्या पडतस!" मी कळवळून म्हणालो.

"पडतस ना. पन त्यान्याच वावरमा पडतस!"

जाऊ द्या. नानांच्या वावरात सगळ्यात सरळ सरी आजही माझीच आहे!