वस्तादांचा खुराक

जालिंदरकाका बोलायच्या आधी घसा असा खाकरायचे, जणू लांब कुठेतरी ट्रक सुरू होतोय. त्यांची नक्कल मला सगळ्यात झकास जमते. "वहिनी, च्या कोराच करा. दूध डाक्टरनं बंद केलंय." साताऱ्याकडच्या तालमीत वाढलेला हा माणूस दर शुक्रवारी आखातात आमच्या अल दुहैलच्या घरी येऊन कोरा चहा प्यायचा, आणि माझ्या ताटातल्या मटणाकडे बघायचासुद्धा नाही.

कारण काका चालवायचे ती क्रेन. सत्त्याऐंशी साली कंपनीच्या मेडिकलमध्ये त्यांचं कोलेस्टेरॉल फार निघालं. डॉक्टर मान वर न करता नाकातून बोलले, "ऊपर चक्कर आया तो? तीन महिने देता हूँ." क्रेनची ती उंच केबिन म्हणजे काकांचा जीव. तिथून समुद्र दिसतो, हे ते आम्हाला दर वेळी नव्याने सांगायचे.

तूप गेलं, अंडी गेली, मटण गेलं. ताकदही जाईल या धास्तीने त्यांनी प्रोटीन पावडरचा परदेशी डबा आणला. पनीर काढल्यावर उरतं त्या पाण्याची पावडर, चरबी नावालाच. दुकानदार म्हणाला, याने कोलेस्टेरॉलही उतरतं. डॉक्टर म्हणाले, "उतरा तो थोड़ा उतरेगा. भरोसा परहेज़ पे रखो."

काका राहायचे त्या नजमा भागातल्या बॅचलर खोलीत मीठ-मसाला सगळ्यांचा सामाईक. पण पैलवानाच्या खुराकाला दुसऱ्याने तोंड लावायचं नाही, हा तालमीचा नियम तिथेही होता. आणि वस्तादांचा खुराक करायचा तो पठ्ठ्याने. पठ्ठा म्हणजे पोपटराव. काकांनीच त्याला गावाकडून आणला, क्रेन शिकवली; कधीमधी आमच्याकडेही घेऊन यायचे. रोज सकाळी तो ग्लास घुसळून पुढे करायचा. आवाज मधात बुडवलेला: "घ्या वस्ताद. एका दमात." काकांनी डब्याचं झाकण कधी उघडलं नाही. मध्येच एकदा खूश होऊन म्हणाले होते, "आता पावडर ग्वाड लागाय लागलीया. अंगी लागतीय."

तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल आणखी चढलेलं. केबिन पोपटरावला मिळाली. काका खाली उभे, हाताच्या खुणांनी त्याला भार उचल, ठेव सांगायला.

त्या शुक्रवारी ते डबाच घेऊन आले. संशय दुकानदारावर. "वहिनी, ह्यात काय खोट हाय बघा बरं." आईने चिमूटभर जिभेवर ठेवली, उठली, आणि आमचा चहाच्या दूध पावडरचा डबा आणून शेजारी ठेवला.

"भावजी, ही तर आमचीच दूध पावडर. सायीच्या दुधाची."

काकांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

दोन दिवसांनी काका पुन्हा येऊन सांगून गेले. पोपटरावने फारसे आढेवेढे न घेता कबूल केलं म्हणे. लग्न ठरलेलं, अंग भरायचं होतं. खरी पावडर त्याने खाल्ली आणि दूध पावडरने डबा भरत राहिला. "दूधच व्हतं की, वस्ताद. इख तर न्हवतं."

"आता काय करणार?" बाबांनी विचारलं.

"हात बराबर दावायचा. खाली मानसं असत्यात."

पुढच्या शुक्रवारी काकांनी कोरा चहाही अर्धाच ठेवला. त्यांना हसवावं म्हणून मी पोपटरावचा आवाज काढला: "घ्या वस्ताद. एका दमात."

काकांचा हात आपसूक पुढे आला, ग्लास धरायला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"आवाज बराबर हाय," ते म्हणाले. "असाच यायचा."