फ्रँकफुर्टचे वाचक

आमच्या लालबागच्या चाळीत इंटरनेट जोडून देणारा माणूस प्रत्येक वाक्य 'सिंपल आहे'ने सुरू करतो आणि राउटरला हात लावण्याआधी त्याच्यावर फुंकर मारतो. त्याला मी माझ्या ब्लॉगचे आकडे मुद्दाम दाखवले. नकाशावर जवळजवळ सगळे वाचक फ्रँकफुर्टचे! चाळभर सांगून झालं होतं. त्या वाचकांसाठी मी माझ्या मालवणी लेखांत बोंबलालासुद्धा तळटीप द्यायला लागलो होतो.

"सिंपल आहे," तो म्हणाला. "ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचेच लेख किती वेळा उघडतोस?"

"होतं कधीकधी."

"त्याचं नेट कंपनीच्या जर्मनीतल्या सर्व्हरवरून फिरून येतं. हे सगळे तूच आहेस."

आतून बायको हसली. तो मात्र हसला नाही. त्याने माझ्या लॅपटॉपच्या भेटी यादीतून गाळल्या. अख्खा जर्मनी विझला. लालबागचा एक ठिपका तेवढा उरला.

"हाही चुकीचाच असेल," मी पडेल आवाजात म्हणालो.

या वेळी 'सिंपल आहे' आलं नाही. वायर गुंडाळत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तो मी. बोंबलाची तळटीप तेवढी काढ रे."