कपाटातल्या तीन बाटल्या

गेल्या मंगळवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. माझं दुसरं बोलणं मात्र तुम्ही ऐकलं असेल — औषध सरकारच्या एकाच कुलपात नको, ते गावच्या दुकानात असावं, कुठल्याही डॉक्टरच्या पेटीत असावं. निवृत्त झाल्यापासून पारावर, सभांत मी हेच सांगत आलो. मत आजही तेच आहे. देणारा एकच असेल, तर मागणाऱ्याने जायचं कुठे?

आणि दर वेळी मी एका कंपाउंडरची गोष्ट सांगतो. नाव न घेता.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सोनईच्या बाजूला एक सरकारी दवाखाना. सापाच्या विषावरचं इंजेक्शन त्या भागात फक्त तिथे. उसात खुरपताना एका बाईच्या हाताला साप चावला. गावातल्या खाजगी डॉक्टरने तिच्या नवऱ्याला चिठ्ठी देऊन सायकलवर पिटाळलं — इंजेक्शन द्या, मी टोचतो. दवाखान्याचे डॉक्टर कुटुंबनियोजनाच्या शिबिराला गेलेले. सरकारी औषध खाजगी डॉक्टरला द्यायचं नाही, असा नियम. कंपाउंडर म्हणाला, संपलंय, श्रीरामपूरला न्या. उसाच्या ट्रकमधून तिला नेलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

इथे लोक हळहळतात. मी म्हणतो — बघा, नियम काय करतो.

तो कंपाउंडर मीच. तुम्ही ओळखलं असेलच. पण तेवढंच असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

नियमात तातडीसाठी एक ओळ होती. जिवावर बेतलं असेल तर औषध द्यावं, मंजुरी मागाहून घ्यावी. ती ओळ मला पाठ होती — आणि सभेत ती मी कधीच सांगितली नाही. मग दिलं का नाही? गुरुवारी नगरहून तपासणी यायची होती. अकरा वर्षांत माझ्या साठ्यात एका गोळीचा फरक निघाला नव्हता. साहेब दर वर्षी तसा शेरा लिहीत. मंजुरी अडली, तर शेरा जाईल — एवढंच. धापा टाकत समोर उभ्या असलेल्या माणसाला मी संपलंय म्हणालो, तेव्हा कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती.

शेरा मिळाला. पुढच्या वर्षी, मुदत संपली म्हणून, त्या इंजेक्शनच्या बाटल्या मीच फोडल्या.

त्या बाईचा नवरा, किसन, बाजारात भेटायचा. एकदा त्याच्या चुलतभावाने मला ऐकू जाईल असं म्हटलं, सरकारी दवाखान्यात कधी काही असतं व्हय? किसन त्याच्यावरच उखडला. "उगं बोलू नको. यांच्यापाशी असतं, तर यांनी दिलं नसतं व्हय?" मग माझ्याकडे वळून, "च्या घ्या, भाऊसाहेब."

मी चहा घेतला.

मंगळवारी त्यांच्या वस्तीवर गेलो. दोघं ओट्यावर शेंगा फोडत होती. ती डाव्या हाताने. सगळं सांगितलं, त्या ओळीसकट. किसनने हातातली शेंग खाली ठेवली. तीच बोलली.

"किती हुत्या?"

"तीन."

तिने मान हलवली आणि पुढची शेंग उचलली. चहा कुणी विचारला नाही. मी सोनईपर्यंत चालत आलो. पाय इतके हलके कित्येक वर्षांत नव्हते.