कडूबानं वाचलेलं पान

शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की ऑपरेटर कडूबाला हाक मारतात, आणि कडूबा आल्या आल्या मशीनचं पुस्तक मागतो. पुस्तकातलं ते पान बोट ठेवून वाचल्याशिवाय तो पाना हातात घेत नाही. "मामा आधी पोथी वाचणार, मग पूजा," म्हणून पोरं हसतात. कडूबाही हसतो. त्याचं इंग्रजी असंच मशीनच्या पुस्तकांतून, एकेका शब्दाला अडखळत, वीस-बावीस वर्षांत तयार झालेलं आहे.

ही सवय त्याला लागली त्यामागं एक जुनी गोष्ट आहे. सिल्लोडजवळच्या त्याच्या गावातून तो दहावीला चौसष्ट टक्क्यांनी पास झाला तेव्हा त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं. शहरात चुलतभाऊ सर्जेराव नोकरीला होता. तो चौकशी करून आला आणि म्हणाला, "सत्तरच्या खाली कुणाला घेत नाहीत, कडू. नाद सोड." कडूबानं नाद सोडला आणि आयटीआयला फिटर ट्रेड घेतला. दुसऱ्या वर्षी एसटीत त्याला वर्गातला बद्रीनाथ भेटला. एकसष्ट टक्केवाला. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी.

"पॉलिटेक्निकला हाये मी," बद्रीनाथ म्हणाला. "यादी तिसऱ्या फेरीला लई खाली उतरली ना. तू फॉर्मच भरला नव्हता व्हय?"

सर्जेराव खोटं बोलला नव्हता. त्यानं भिंतीवर पहिली यादी पाहिली आणि तेवढंच येऊन सांगितलं. कडूबानं त्याच्याशी कधी वाकडं घेतलं नाही. पण स्वतः जाऊन न बघितल्याचं त्याला पुढं कित्येक वर्षं लागत राहिलं.

पुढं नोकरी लागली, लग्न झालं, शहरातल्या पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर झालं. बायको गया घरीच शिवणकाम करते. एकुलती एक लेक श्रेया. लहानपणी मिक्सर उघडून बसायची आणि परत जोडताना एक स्क्रू उरवायची. तिला इंजिनिअर व्हायचं होतं आणि अभ्यासही तसा कसून करायची.

यंदा बारावीच्या ऐन परीक्षेत तिला मुदतीचा ताप आला. फिजिक्सच्या पेपराला अंगात एकशे दोन ताप. केमिस्ट्रीच्या वेळी तर गया शाळेच्या फाटकाबाहेर लिंबू-पाणी घेऊन तीन तास उभी होती. गणिताच्या दिवशी ताप नव्हता, पण पेन धरायला बोटांत जीव नव्हता. परीक्षा संपता संपता ती सावरली. शेवटचा आयटीचा पेपर, संगणकावरचा, तो तिनं हसत दिला. एप्रिलमधली सीईटीही चांगली गेली.

मे महिन्यात निकाल लागला. श्रेया पास होती. फिजिक्स एकोणचाळीस, केमिस्ट्री पस्तीस, गणित बेचाळीस. आयटीत मात्र अठ्ठ्याऐंशी.

"पास झाली ना? मग झालं तर," गया म्हणाली. "दुखण्यातून उठून पास झाली, हेच लई."

पण क्लासच्या सरांनी आकडे बघितले आणि मान हलवली. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: इंजिनिअरिंगच्या यादीत नंबर लागतो सीईटीवर, पण त्या यादीत शिरायचं तर बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, गणित या गटाला पंचेचाळीस टक्के लागतात. म्हणजे तीनशेत एकशे पस्तीस. श्रेयाची बेरीज एकशे सोळा. राखीव प्रवर्गाची चाळीस टक्क्यांची, म्हणजे एकशे वीसची, अट लावली तरी चार कमीच.

"एक वर्ष थांबा, परत परीक्षा द्या," सर म्हणाले. "नाहीतर बीएस्सीला टाका."

जूनमध्ये सीईटीचा निकाल आला. त्र्याण्णव पर्सेंटाइल. एरवी या घरात पेढे वाटले गेले असते. श्रेयानं तो आकडा बघितला, फोन उलटा करून ठेवला आणि आईच्या शिलाईतले धागे कापत बसली. चार दिवस तिचं असंच चाललं. मैत्रिणींचे फोन येत, ती उचलत नसे. गया भाकरी वाढताना तिच्याकडं बघायची आणि तूप जास्त घालायची.

सर्जेरावाचाही फोन आला. आता तो रिटायर झालाय. "कडू, लेकराला उगं आशा लावू नको. बीएस्सीला टाक. माझ्या माहितीत असंच असतं."

"व्हय दादा," कडूबा म्हणाला. त्यानं फोन ठेवला. मग चपला घातल्या.

"कुठं निघालात?" गयानं विचारलं.

"झेरॉक्सवाल्याकडं."

प्रवेशाची माहितीपुस्तिका त्यानं कागदावर काढून आणली. चांगली जाडजूड निघाली, सगळी इंग्रजीत. रविवारची दुपार होती. जेवण झाल्यावर तो पेन्सिल घेऊन खाली सतरंजीवर बसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. श्रेया म्हणाली, "पप्पा, सरांना माहीत असतं सगळं. कशाला वाचताय?"

"असू दे. मला तर नाय ना माहीत."

पात्रतेचं कलम आलं तिथं तो थांबला. फिजिक्स आणि गणित सक्तीचं. मग 'यांपैकी एक' अशा अर्थाचं काहीतरी, आणि पुढं विषयांची लांबलचक ओळ. केमिस्ट्री. किंवा बायोलॉजी. किंवा कॉम्प्युटर सायन्स. किंवा... त्याची पेन्सिल थांबली. त्यानं ते वाक्य परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ओठही हलले.

"श्रेया, इकडं ये. हे वाच बरं."

तिनं उभ्यानंच वाचलं, मग खाली बसून वाचलं. "इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी," ती हळूच म्हणाली. "पप्पा, केमिस्ट्रीच्या जागी आयटी चालतं?"

"मला तसंच वाटतंय. पण वाटून उपयोग नाय. उद्या जाऊन विचारू."

सोमवारी त्यानं अर्धी रजा टाकली. सरकारनं एका कॉलेजात उघडलेल्या सुविधा केंद्रावर दोघं गेले. रांग जिन्यापर्यंत आली होती. श्रेया सारखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. कडूबाच्या हातात तेच एक पान होतं, घामानं थोडं ओलं झालेलं.

टेबलामागं वैदेही मॅडम होत्या, त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या. त्यांनी मार्कशीट बघितली आणि त्यांचाही चेहरा आधी उतरलाच. "गट कमी पडतोय हो."

"मॅडम, हे एकदा बघता का?" कडूबानं पान पुढं केलं. "चुकत असंल तर सांगा."

मॅडमनी चष्मा वर केला. पान बघितलं, मग मार्कशीट. मग कॅल्क्युलेटर न घेताच बोटांवर मोजलं. "एकोणचाळीस, बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी... एकशे एकोणसत्तर. छप्पन्न टक्के." त्या हसल्या. "अहो, बसतेय की ही! आयटी धरता येतं. फॉर्ममध्ये तो विषय मात्र न विसरता भरा. बरीच मुलं तो रकाना रिकामाच सोडतात."

"म्हंजे यादीत येईल?"

"येईल. पुढं तिच्या सीईटीवर. त्र्याण्णव आहे ना? मग कशाला काळजी करता?"

श्रेयानं तिथंच रडायला सुरुवात केली. मागची एक बाई घाबरून विचारायला लागली, "काय झालं, नाय म्हणले का?" कडूबानं नुसती मान हलवली, आधी आडवी, मग उभी, त्यामुळं ती बाई अजूनच गोंधळली. शेवटी श्रेयानंच डोळे पुसत सांगितलं, "नाय मावशी, व्हय म्हणले."

बाहेर येऊन त्यानं गयाला फोन लावला. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. त्यानं बातमी सांगितली तसा तो आवाज थांबला. "काय म्हणता?" गया म्हणाली. "परत सांगा. सावकाश सांगा."

त्यानं सावकाश सांगितलं.

फॉर्म भरताना श्रेयानं विषयाचा रकाना चारदा तपासला. कॉलेजांची यादी बापलेकीनं दोन संध्याकाळी बसून लावली. तिला शहर सोडायचं नव्हतं. दुसऱ्या फेरीत शहरातल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रिकलला तिचं नाव लागलं. तिनं कॉम्प्युटर पहिलं टाकलं होतं, ते मिळालं नाही. थोडी हिरमुसली. पण संध्याकाळपर्यंत मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "अगं इलेक्ट्रिकलच बरंय, मला तेच आवडतं," आणि गया स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

त्या दिवशी कडूबा संध्याकाळी सहालाच झोपला. जेवायला उठवलं तर उठला नाही. मेपासून त्याला नीट झोप लागत नव्हती, हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गयानं पंखा वाढवला, श्रेयाला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला. सकाळी तो उठला तेव्हा पहिली शिफ्ट निघून गेली होती. त्यानं घड्याळाकडं बघितलं, गयाकडं बघितलं.

"उठवलं का नाय?"

"आज राहू द्या," ती म्हणाली आणि चहा पुढं ठेवला.