बॅनरवरचा अर्धचंद्र

"हा बॅनर उतरवा, नाहीतर मी वरच्या मजल्याला कुलूप घालतो," पारसमल शेठ म्हणाले.

दुपार उलटली होती. कार्यक्रम संध्याकाळी सातचा होता. बॅनर स्टेजच्या मागच्या भिंतीवर चढवून झाला होता. काळ्या फ्लेक्सवर लाल अक्षरं होती: 'कॅबरे नाइट'. खाली लहान अक्षरांत 'ओपन माइक, विषय: निरोप'. शेठ बॅनरकडे पाठ करून उभे होते. तो शब्द समोर ठेवून बोलणंही त्यांना नको होतं.

नंदुरबारच्या बाजारपेठेत शेठचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या सूनबाईंनी, निकितानं, खाण्यापिण्याची जागा सुरू केली होती. दहाएक टेबलं, एका टोकाला वीतभर उंचीचं स्टेज. हाच मजला शेठच्या धाकट्या भावाला गोडाऊन म्हणून हवा होता. भावाचं दुकान शहाद्याला. लग्नसराईचा माल ठेवायला त्याला जागा पुरत नव्हती आणि उत्तरासाठी त्याचे रोज फोन येत होते. शेठनी सुनेला एक संध्याकाळ दिली होती. लोक आले, कार्यक्रम नीट झाला, तर मजला तिचा. नाही झाला, तर कापडाच्या गाठी वर चढणार.

माझं काम स्टेज मॅनेजरचं. नोकरीची बहुतेक वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. निवृत्तीनंतर साउंड आणि स्टेजची कामं घेतो. स्टेज मॅनेजर म्हणजे कोणता कलाकार कधी जाणार, कोणता माइक चालू राहणार, मध्ये रिकामी जागा पडली तर काय करायचं, हे बघणारा माणूस. ओपन माइक म्हणजे नाव नोंदवील त्याला स्टेज. कलाकार हौशी असतात, त्यामुळे मॅनेजरला काम जास्त पडतं.

"बाऊजी, कॅबरे म्हणजे तसलं काही नसतं," निकिता म्हणाली. "लोक टेबलावर बसून खातात, समोर छोट्या स्टेजवर कोणी गातं, कोणी कविता म्हणतं. परदेशात यालाच कॅबरे म्हणतात."

"परदेशातले लोक येणार आहेत का?" शेठनी विचारलं.

तिचं म्हणणं बरोबर होतं. शेठचंही बरोबर होतं. इथल्या माणसाला कॅबरे शब्द जुन्या हिंदी सिनेमानं शिकवला, आणि त्यात टेबलावर बसून कविता ऐकणारं कोणी नव्हतं. जाहिरात दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. परिणाम दिसू लागला होता. शिक्षक कॉलनीतल्या कुटुंबांनी बुकिंग रद्द केलं होतं. उलट विसरवाडीहून एका ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला होता. त्यानं अगदी पुढची दोन टेबलं धरली होती.

"त्यांनी काही विचारलं?" मी निकिताला म्हटलं.

"हो. नाचनारी कोठली शे, असं काहीतरी. मला नीट कळलं नाही. मी म्हटलं, सगळे लोकल आर्टिस्ट आहेत."

निकिताचं माहेर साताऱ्याचं. अहिराणी तिला अजून अर्धीच कळते. शेठनी डोळे मिटून घेतले.

नवा बॅनर त्या वेळेत मिळणं शक्य नव्हतं. फ्लेक्सवाल्याकडे लग्नांची रांग होती. बॅनर काढला तर मागे उघडी भिंत आणि वायरींचं जाळं. शिवाय लोकांकडे गेलेल्या जाहिरातीचं काय करायचं, हा प्रश्न राहतच होता. कार्यक्रम तोच आहे, फक्त नाव बदललं, असं कळवलं तर लोकांना वाटणार, पोलिसांनी बदलायला लावलं.

डेस्कवर एक सवय लागते. छपाईला जाणाऱ्या पानावर मथळ्यात चूक निघाली, तर अख्खा मथळा बदलायचा नाही. कमीत कमी काय हलवलं की काम भागतं, ते शोधायचं. मी बॅनरसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि तो शब्द मनात सुटा करून पाहिला. क, त्यावरचा अर्धचंद्र, ब, रे.

साउंडवाल्याकडे इन्सुलेशन टेप सगळ्या रंगांची असते, वायरी ओळखू याव्यात म्हणून. काळी टेप घेऊन मी 'क'वरचा अर्धचंद्र झाकला. काळ्यावर काळी बसली, दिसेनाशी झाली. मग लाल टेपचा एक उभा तुकडा 'क'च्या पुढे लावला. डिझायनरनं अक्षरं ऐसपैस सोडली होती, तेवढी जागा निघाली. शब्दाच्या शेवटी एक लाल प्रश्नचिन्ह डकवलं.

"आता वाचा," मी शेठना म्हटलं.

ते सावकाश वळले.

"काबरे?"

अहिराणीत 'काबर' म्हणजे का, कशासाठी. 'काबर रे?' हे इथं दिवसातून शंभरदा कानावर पडतं. भरभर बोललं की त्याचं काबरे होतं. निकितानं हे आम्हा दोघांकडून समजून घेतलं आणि बॅनर पुन्हा एकदा वाचला.

"म्हणजे मी आधीपासून हेच लिहिलं होतं," ती म्हणाली. "फक्त उच्चार चुकला."

शेठ हसले नाहीत. पण खिशातून काढलेली कुलपाची किल्ली परत खिशात गेली.

बॅनरचा फोटो नव्या मजकुरासह व्हॉट्सअ‍ॅपवर गेला: 'टायपिंगची चूक झाली होती, काबरे नाइट वाचावे.' खरं सांगायचं तर हा खुलासा काटेकोर नव्हता. मात्र शिक्षक कॉलनीतून दोन टेबलं परत आली. विसरवाडीच्या पाहुण्यांनी मेसेज बघितला नसावा. ते वेळेच्या आधीच हजर झाले.

त्यांचे म्होरके भटू नाना. चार-पाच ट्रकांचे मालक, पांढरे कपडे, आवाज हायवेवरच्या हॉर्नसारखा. त्यांनी मेनूकार्ड पाहिलं. जैन घरचं स्वयंपाकघर, त्यामुळे कांदा-लसूण नाही, बटाटाही नाही.

"पावभाजीमा कांदा नही, बटाटा नही," नाना वेटरला म्हणाले. "मंग काय, पाव नि भाजीनी आठवन देतस का?"

शेठ मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. ते सूर्य मावळल्यावर पाणीही घेत नाहीत. त्यांच्यासमोर टेबल पूर्ण रिकामं होतं. तिथून त्यांना स्टेज, बॅनर आणि जिन्याकडे जाणारा दरवाजा, तिन्ही दिसत होतं.

कार्यक्रम सुरू झाला आणि दुसरी अडचण पुढे आली.

निरोप या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, जाणाऱ्याला दिलेला. दुसरा, कोणाच्या तरी हाती पाठवलेला. विषय देताना निकितानं दोन्ही मोकळे ठेवले होते. कलाकारांनी मात्र पहिलाच धरला. पहिल्या ताईंनी मुलीच्या पाठवणीची कविता वाचली. त्यानंतर एका प्राध्यापकांनी निवृत्त सहकाऱ्यावरचं मुक्तक म्हटलं. तिसऱ्यानं गिटारवर स्वतः रचलेलं विरहगीत धरलं. चौथ्यानं आजोबांचे शेवटचे दिवस सांगायला घेतले. सगळे मनापासून करत होते. एकेकटं ऐकलं असतं तर चांगलंच वाटलं असतं. पण एकापाठोपाठ एक आल्यावर हॉलमधली हवा जड होत गेली. लोकांनी चमचे खाली ठेवले.

चौथं आटोपलं तेव्हा टाळ्या दोनच टेबलांवरून आल्या. त्या शांततेत भटू नाना शेजाऱ्याला म्हणाले, ते सगळ्यांना ऐकू आलं.

"भाऊ, कोनी मरी गयं का आठे?"

त्यांची माणसं चपला शोधू लागली. शेठनी घड्याळ बघितलं. निकिता माझ्याजवळ आली. हातातला रुमाल तिनं पिळून त्याची दोरी केली होती.

"सर, पुढची दोन टेबलं उठली तर मागचीही उठतील. आणि बाऊजी बघतायत."

पुढे आणखी दोन विरहगीतं होती, तीही गिटारवरची. शेवटचं नाव दिलवर पावरा यांचं होतं. हे एसटी कंडक्टर, गाव तोरणमाळच्या अंगाला. त्यांनी नाव नोंदवताना काय करणार ते सांगितलं नव्हतं. 'निरोपच सांगीन,' एवढंच म्हणाले होते. कार्यक्रमाचा क्रम, ज्याला आम्ही रनिंग ऑर्डर म्हणतो, तो मध्येच बदलणं धोक्याचं असतं. मधल्या दोघांचा मान दुखावतो आणि पुढे आणलेला माणूस तयार नसतो. पण दुसरा पर्याय नव्हता. गिटारवाल्या दोघांची मी हात जोडून परवानगी घेतली.

दिलवर ड्युटीवरून थेट आले होते. अंगात खाकी, बगलेत बॅग. त्यांचा लाइन चेक झाला नव्हता. लाइन चेक म्हणजे कलाकार येण्याआधी त्याचा माइक बोलून तपासणं. त्यांनी माइक हातात घेतला आणि भरल्या गाडीत बोलतात तसे बोलले. लगेच शिटी वाजली. हिला फीडबॅक म्हणतात. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फिरून फिरून वाढत जातो. लोकांनी कान झाकले. मी मिक्सरवर त्यांचा माइक पूर्ण बंद केला. ओपन माइकमध्ये माइक बंद ठेवण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग.

त्यांना कळलंही नाही. त्यांचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत आरामात जात होता.

"घाट चढला की मोबाइलची रेंज जाते," ते म्हणाले. "मग माणसं निरोप माझ्याकडे देतात. तिकिटाचे पैसे लागतात, निरोपाचे लागत नाहीत. आता मी सांगतो ते खरे निरोप आहेत. नावं सांगणार नाही."

त्यांनी एका हातानं वरचा दांडा धरल्यासारखं केलं आणि आवाज बदलला. म्हातारी बाई झाली.

"दादा, पोरीले सांगजो, शेळी व्याली. दोन पिल्लं शेतंस. एकनं नाव 'जावाई' ठेयेल शे. तेबी काम करत नही."

भटू नानांच्या टेबलावर पहिलं हसू फुटलं. मग दिलवर गुरुजी झाले, मग साहेब.

"गुरुजींना सांगा, उद्या साहेब तपासणीला येणार. गुरुजींचा उलट निरोप: साहेबांना सांगा, उद्या गुरुजी आजारी पडणार."

शिक्षक कॉलनीची दोन्ही टेबलं हलली. एक बाई नवऱ्याकडे बोट दाखवून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दिलवर निरोप कधी पावरीत, आपल्या आदिवासी बोलीत सांगायचे, लगेच अहिराणीत फिरवायचे. पावरी कळणारे तिथं थोडे होते, पण आवाजाची चाल सगळ्यांना कळत होती.

मग त्यांनी दांड्याचा हात खाली घेतला.

"एक मुलगा गुजरातला ऊसतोडीला गेला होता. बापाशी भांडून. परत येताना माझ्या गाडीत भेटला, पण गावाच्या फाट्यावर उतरलाच नाही. म्हणाला, बापाला सांग, मी रागावलेलो नाही, फक्त घरी येणार नाही. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बापाचा निरोप आला: त्याला सांग, मीही बोलावत नाही. फक्त भाकर झाकून ठेवली आहे."

लोकांनी चमचे पुन्हा खाली ठेवले, पण या वेळी चपला कोणी शोधल्या नाहीत.

"निरोपात एक सोय असते," दिलवर म्हणाले. "त्यात हुज्जत घालता येत नाही. उलट बोलायला दुसऱ्या दिवसाची गाडी लागते. तोवर राग उतरतो. तो मुलगा तिसऱ्या दिवशी फाट्यावर उतरला. मी तिकीट आधीच फाडून ठेवलं होतं."

टाळ्या या वेळी सगळ्या टेबलांवरून आल्या. त्या थांबायच्या आत भटू नाना उभे राहिले.

"कंडक्टर भाऊ, मन्हाबी एक निरोप ले. म्हसावदले मन्हा मेव्हना शे. त्याले सांगजो, ताडपत्री परत दे. पावसाया दोनदा व्हई गया."

दिलवरनी तो तिथल्या तिथं नानांच्याच आवाजात म्हणून दाखवला. मग प्रत्येक टेबलावरून निरोप येऊ लागले. कोणी मामाला, कोणी जुन्या घरमालकाला. विरहगीतवाल्यांपैकी एकानं गिटारवर साथ धरली. मला मिक्सरवर काही काम उरलं नाही. निकिता स्वयंपाकघरात गेली, कारण लोक पुन्हा मागवू लागले होते. नानांनी बिनकांद्याची पावभाजी दुसऱ्यांदा घेतली.

शेवटी मागच्या कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पारसमल शेठ उभे होते.

"तोरणमाळनी गाडी शहादावरून जास ना?" त्यांनी विचारलं.

"जास शेठ."

"शहादाले मन्हा भाऊनं दुकान शे. त्याले सांगजो, वरला मजला खाली नही शे."

स्वयंपाकघराच्या दारात निकिता थांबली. हातात प्लेट होत्या.

"शेठ, तुमनाजोडे फोन शे ना?" दिलवरनी विचारलं.

"फोनवर तो हुज्जत घालस."

लोक हसले. दिलवर हसले नाहीत. निरोप घेणाऱ्यानं तो पुरता घ्यावा लागतो.

"नि त्यानी इचारं, काबर, त काय सांगू?"

शेठनी मान वळवली. टेपचा काना, टेपचं प्रश्नचिन्ह. या वेळी त्यांनी बॅनरकडे पाठ केली नाही.

"सांगजो, तेच लिखेल शे भिंतवर. ईसन देखी जाय."

येऊन बघून जा. निकितानं प्लेट जवळच्या टेबलावर ठेवल्या आणि दोन्ही हात ओढणीला पुसले. त्या प्लेट दुसऱ्याच कोणाच्या होत्या. त्या टेबलावरच्या लोकांनी तक्रार न करता खाल्ल्या.

दहाच्या आत आम्ही स्पीकर बंद केले. जिना उतरताना भटू नानांनी मला बाजूला घेतलं.

"नाचनारी नव्हतीच का भाऊ?"

"नव्हती नाना."

"बरं व्हयनं. घरना लोकेसले सांगता येई," ते म्हणाले आणि गेले.

शहाद्याचे धाकटे शेठ पुढच्या कार्यक्रमाला खरंच आले. पुढचं टेबल घेतलं, बॅनर वाचला, निकिताला विचारून मजला मोजला आणि माल ठेवायला शहाद्यातच दुसरी जागा बघितली. बॅनर आता छापूनच कान्यासह येतो. दिलवर ड्युटी सांभाळून येतात आणि त्यांचा माइक मी लावतच नाही.

शिकण्यासारखं फारसं काही नाही. मथळा आपल्या शब्दकोशातून लिहिला तरी लोक तो त्यांच्या शब्दकोशातून वाचतात. तेव्हा स्टेज कितीही लहान असलं, तरी सामानात काळी आणि लाल टेप ठेवावी.