सुटून आलेल्यांची यादी

म्हसवडजवळच्या एका वाडीतले लालासाहेब पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन हवालदार होऊन परतले होते. दुसरी लढाई लागली तेव्हा त्यांनीच आपल्या मुलाला, मानसिंगला, भरतीला धाडलं. मानसिंगनं शेजारच्या साळूबाईचा एकुलता एक नाथाजीही बरोबर नेला. निघताना म्हणाला, "काकी, घोर करू नगंस. मी हाय की त्याच्यासंगं."

बेचाळीस साली सिंगापूर पडलं आणि दोन्ही घरांत तारा आल्या. पोरं बेपत्ता, एवढंच.

तेव्हापासून लालासाहेबांचा पाय घरात ठरेना. भरल्या ताटावरून उठायचे आणि मोटार थांबते तिथं जाऊन उभे राहायचे. लढाई संपली, कैदेतले शिपाई गावोगाव परतू लागले, पण हे दोघे आले नाहीत. मग सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात ते साताऱ्याच्या लष्करी कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "नावावरून काय कळणार? शिपाई नंबर आणा."

त्यांनी घरातली ट्रंक उपसली. मानसिंगच्या जुन्या पत्रांवर नाव होतं, नंबर मात्र गळक्या छपराच्या पाण्यानं पुसलेला. शेवटी साळूबाईच्या देवळीत नाथाजीच्या पत्राचं एक पाकीट सापडलं, त्यावर त्याचा नंबर शाबूत होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, नंबर पाठोपाठचे असणार, असा त्यांनी अंदाज बांधला आणि पुन्हा सातारा गाठला.

कारकुनानं यादीवर बोट फिरवलं. "हवालदारसाहेब, मानसिंग सुटून आलाय. पलटणीतून नाव कमी होऊन सात महिने झाले."

"सात म्हैनं? मग गेला कुठं?"

"पत्ता इस्लामपूरचा आहे. कुणा भाऊसोंचं गुऱ्हाळ."

नाथाजीच्या नावापुढे अजून 'बेपत्ता'च होतं.

लालासाहेब घरी न जाता तसेच इस्लामपूरला गेले. काहिलीपाशी एक हडकुळा माणूस उकळता रस ढवळत होता. त्यानं वर पाहिलं आणि मान खाली घातली.

"घर इसरलास व्हय रं?"

"आबा, काकीला काय सांगू?" मानसिंग काहिलीकडं बघतच म्हणाला. "नाथा पटकीनं गेला. माझ्या मांडीवर. मी त्याला नेला हुता."

लालासाहेबांचा हात उगारलेला तसाच राहिला. ते खाली बसले.

"अन् तुला कुनी धाडला? म्याच न्हवं?" ते म्हणाले. "साळू दर बाजारला आपल्या दारात येऊन बसती, कागद आला का म्हनून. तुला ठावं हाय अन् तू हितं गूळ ढवळतुयास. चल."

वाडीत आल्यावर मानसिंग आधी साळूबाईच्या दारात गेला. तिनं त्याच्या पाठीमागं वाटेकडं पाहिलं. मागं फक्त लालासाहेब होते. तिला कळलं.

"पानी मागत हुता का रं?"

"मागत हुता. म्या पाजलं."

तिनं त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या, मारतच राहिली, आणि मग तिथंच त्याला धरून रडली.

पुढं मानसिंगनं साताऱ्याला जबानी दिली आणि नाथाजीच्या नावाची नोंद बदलली. साळूबाईचं रानही तोच कसू लागला. कधी ती त्याला बांधावर भाकरी नेऊन द्यायची. कधी त्याला बघताच आत जाऊन दार लावून घ्यायची. त्या दिवशी मानसिंग अंधार पडेपर्यंत औत सोडत नसे.