वाघूर वाजवणारा सूर्यभान

सूर्यभानचा हात आधी चालायचा, तोंड मागून. शेंद्र्याच्या या धनगराला बापानं ढोल शिकवला तो मनगटावर टिपरू हाणून. ठेका चुकला की फटका. पुढं उस्मानपुऱ्यातल्या कॅसेटच्या दुकानात त्यानं एका अमेरिकन जॅझवाल्याचा बेस ऐकला. बेस म्हणजे मागं उभं राहून मुकाट ठेका धरणारं वाद्य, एवढंच त्याला ठाऊक. हा बाबा तर पुढं येऊन भांडत होता! सूर्यभान खुळावला. ढोल विकून त्यानं जुनी बेस गिटार घेतली, टिपरू तेवढं ठेवलं, आणि वरातीच्या बँडात वाजवू लागला.

आयुष्यात त्यानं एकच चाल बांधली, पण काय बांधली! नाव ‘वाघूर’, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्यात लांडगा शिरतो, कुत्री तुटून पडतात, रक्ताचा चिखल होतो. वरातीत ती वाजली की नाचणारेही बिचकत. एकानं ती मोबाइलवर घ्यायला सुरुवात केली, तर सूर्यभाननं मोबाइल दगडावर आपटला. “चाल हातातून हातात जाती,” म्हणे. दिली ती फक्त लेकीला, अंबिकाला, आणि तीही आपल्या बापाच्याच रीतीनं. लांडग्याच्या जागी तिची बोटं अडखळायची आणि टिपरू बसायचं. एकदा बोटच मोडलं. त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं, पोरीला घेऊन थेट माहेर गाठलं.

गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत दारू प्यालेली पोरं दुसऱ्या गाण्यासाठी अडून बसली. सूर्यभान ‘वाघूर’ अर्ध्यात तोडायला तयार होईना. त्यांनी लोखंडी पाइपानं त्याचा डावा पंजा ठेचला. हाडांचा चुरा झाला. वाजवणं संपलं.

मग तो गिटार घेऊन बिडकीनला गेला, अंबिकाच्या सासरी.

“पोरी, तुझ्याबिगर ती कुणालाच येत नाय. माझ्यासंगं मरंल बघ.”

“इसरले मी, आबा.”

“मी गातो. तू नुसती बोटं धर.”

ओसरीवर बसून तो गाऊ लागला. अंबिकाची बोटं नाइलाजानं तारांवर हलू लागली, एकही जागा न चुकता. सूर्यभानला भरून आलं. लांडग्याची जागा आली आणि तिनं झटकन हात छातीशी ओढला, डोळे गच्च मिटले. त्यानं पहिल्यापासून गायलं. पुन्हा तिथंच.

“पुरं करा, आबा,” ती डोळे न उघडताच म्हणाली.

टिपरू हाणणाऱ्या आपल्या धडक्या उजव्या हाताची त्याला अशी शिसारी आली, की पाइप घालणारी ती पोरं बरी वाटली.